ठणका दाढेचा, सणक नसेची

निरोगी दाढा काढून झाल्यावर कळतं की दुखणं ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या विकाराचं होतं. हे पुन:पुन्हा घडतं आणि दरवेळी जीव तुटतो, कारण काढलेली दाढ परत येत नाही.

दाढदुखी कुणाला समजावून सांगायला नको. कीड आतल्या नसेपर्यंत पोचते, दाढ ठणकते, आडवं झालं की जास्तच.

न्यूराल्जियात बिघाड दाढेत नसतोच. चेहऱ्याची संवेदना नेणारी पाचवी नस मेंदूजवळ जिथून निघते, तिथे बहुतेकदा एखादी रक्तवाहिनी तिला चेपते. नसेचं आवरण झिजतं आणि कळ मात्र जबड्यात जाणवते. म्हणून ‘नस दुखतेय’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. दाढेतल्या नसेचं रूट कॅनाल केलं, तरी खरं दुखणं तिथून कितीतरी वर असतं. पन्नाशीनंतर जास्त आढळतं, बहुधा एकाच बाजूला. पण तेवढ्यावरून काही ठरत नाही.

खरी गफलत होते ‘गार पाणी लागलं की कळ येते’ या तक्रारीत. ती दोन्हींत असते! म्हणून पुढचं विचारा: पाणी गिळल्यावर कळ रेंगाळते का? नस सुजलेली दाढ बराच वेळ ठणकत राहते. न्यूराल्जियाची सणक विजेच्या झटक्यासारखी येते, क्षणभर ते फार तर 2 मिनिटं टिकते आणि तुटते. तडा गेलेली दाढही क्षणभर सणकते, पण मुख्यतः चावताना. न्यूराल्जियाला चावणं लागत नाही: तोंड धुताना, बोलताना, गालावर वारा आला तरी पुरे. रुमाल गालाला नुसता लागल्याने कुठलीही दाढ दुखत नाही. ‘नुसत्या स्पर्शानेही कळ येते का?’ माझ्या मते हा एक प्रश्न एक्स-रेच्या आधी विचारायला हवा.

‘भूल दिली आणि कळ थांबली, म्हणजे दाढच’ हा तर्क फसवा आहे. जिथल्या स्पर्शाने सणक उठते तो भाग बधिर झाला, की न्यूराल्जियाही तेवढ्यापुरता थांबतो. शिवाय तो आपणहून कित्येक महिने गप्प बसतो आणि श्रेय नुकत्याच काढलेल्या दाढेला मिळतं.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे जवळपास निरुपयोगी. पहिलं औषध कार्बामाझेपिन, मूळचं फिट्सवरचं. ते डॉक्टरांच्या देखरेखीत, रक्त तपासत घ्यायचं. औषध पुरेनासं झालं तर रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया आहे. दाढेत दोष सापडत नसेल, तर दाढ काढायला होकार देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि एमआरआयबद्दल विचारा.