कॅन्सर रजिस्ट्रीतलं निदान कितपत पक्कं? थोडी पार्श्वभूमी

देशात कॅन्सरचे इतके पेशंट वाढले असा आकडा आला की तो लगेच फॉरवर्ड होतो, पण त्यातलं प्रत्येक निदान कशावरून झालं हे फारसं कुणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

हे आकडे येतात कॅन्सर रजिस्ट्रीतून, म्हणजे पेशंटच्या नोंदवहीतून, आणि तिची सुरुवात मुंबईची. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्री काढली, ठरावीक भागातले सगळे पेशंट नोंदवणारी देशातली पहिली. डॉक्टरांनी केस कळवलीच पाहिजे अशी देशभर सक्ती नव्हती, म्हणून रजिस्ट्रीची माणसंच हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी लॅब, महापालिकेच्या मृत्यूनोंदी पालथ्या घालायची. आता बघा, मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'लिव्हर कॅन्सर' लिहिलंय, पण गाठ मुळात आतड्यातली आणि लिव्हरमध्ये नंतर पसरलेली, तर जुने पेपर शोधल्याशिवाय ही नोंद चुकीच्याच खात्यात जाणार. म्हणून नुसत्या दाखल्यावरून घेतलेल्या केसेस किती, हे क्वालिटीचं एक मोठं माप झालं. दुसरं माप म्हणजे किती टक्के केसेस मायक्रोस्कोपखाली पक्क्या झाल्या.

हे प्रमाण जितकं जास्त तितकं चांगलं असं वाटतं, पण तसं नाही! अगदी शंभरच्या जवळ गेलं तर उलट शंका घ्यायची, कारण मग रजिस्ट्री बहुतेक लॅबच्याच रिपोर्टवर चाललीये, आणि ज्यांची बायोप्सी झालीच नाही, म्हणजे मेंदूच्या, स्वादुपिंडाच्या गाठीवाले किंवा खूप थकलेले म्हातारे पेशंट, ते सुटताहेत.

आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय रजिस्ट्री कार्यक्रम १९८१ चा, त्याने वेगवेगळ्या शहरांची नोंद एका पद्धतीत आणली. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती १९८७ ची बार्शीची ग्रामीण रजिस्ट्री. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत हॉस्पिटलात बसून केसेस मिळणारच नव्हत्या, मग कर्मचारी गावोगाव फिरून लोकांशी बोलायचे, लक्षणं समजावायचे, कुणाला अंगावरून पांढरं जातंय, कुणाच्या तोंडातली जखम भरत नाही, त्यांना तपासणीला यायला तयार करायचे. थोडक्यात नोंद करायच्या आधी निदान व्हावं म्हणूनच धडपड, आणि ती केली नसती तर खेड्यात कॅन्सर कमी आहे असंच आपण कागदावर वाचत बसलो असतो.