मालाची घनता आणि हॉपर वाघिणीचा आकार

अमेरिकी रेल्वेच्या 1:87 प्रमाणातील प्रतिकृती करणाऱ्याने कव्हर्ड हॉपर, म्हणजे वर झाकणांचे छत आणि खाली नरसाळ्यासारखी तोंडे असलेली मालवाघीण, निवडताना आधी तिच्यात काय भरले जात असे हे पाहावे, कारण मालाच्या घनतेवरच तिची लांबीरुंदी ठरत असे. सिमेंट जड असल्यामुळे 1940च्या दशकातील दोन नरसाळ्यांच्या आखूड वाघिणीला 1,958 घनफूट जागा पुरे होई. तेवढ्यात चाके आणि आस पेलू शकतील असे 70 अमेरिकी टन भरत. गहू आणि मका हलके, म्हणून 100 टनांसाठी तीन नरसाळ्यांची, साडेचार हजारांहून अधिक घनफुटांची वाघीण लागली. प्लास्टिकचे दाणे त्याहूनही हलके; त्यांच्या वाघिणी पाच हजारांपलीकडे गेल्या.

धान्य मात्र फार काळ साध्या बंद डब्यांतूनच जात होते. दाराच्या आतून फळ्या किंवा जाड कागद ठोकून धान्य अडवले जाई. 1960च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील सदर्न रेल्वे या कंपनीने ‘बिग जॉन’ या 100 टनी ॲल्युमिनियमच्या वाघिणी आणून धान्यवाहतुकीचे दर एवढे उतरवले की वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यामुळे 1950च्या दशकातील धान्याच्या कोठारापाशी प्रतिकृतीत बंद डबेच शोभतात.

त्याच सुमारास एसीएफ या वाघिणी बनवणाऱ्या कंपनीची ‘सेंटर फ्लो’ ही कव्हर्ड हॉपर आली. तिच्यात मधली सलग तुळई नाही. भार गोलसर बाजूच पेलतात, आणि म्हणून त्यांवर पुलमन-स्टँडर्ड या दुसऱ्या कंपनीच्या अनेक वाघिणींसारख्या उभ्या पट्ट्या दिसत नाहीत.

छताबाबतची चूक मला सर्वाधिक खटकते. 1966 पासून नव्या बंद डब्यांच्या छतावरची चालण्याची वाट काढून टाकण्यात आली, हे वाचून काही जण हॉपरवरूनही ती काढतात. पण झाकणे उघडायला माणसाला वर चढावेच लागते, म्हणून तेथे ती कायम राहिली. ही वाट पोलादी जाळीची असते. प्लास्टिकच्या जाड पट्टीऐवजी कोरीव धातूची जाळी बसवली की खालचे छत आरपार दिसते आणि वाघीण एकदम खरी वाटू लागते. सिमेंटच्या वाघिणीवर झाकणांभोवती सांडलेली पूड पावसाने भिजून दगडासारखी घट्ट होई. तो खडबडीत करडा थर आणि त्याचे बाजूंवर उतरलेले ओघळही रंगवावेत.