चाकं काठावर ठेवून

पोहण्याच्या तलावाच्या काठावर चार-पाच रिकाम्या व्हीलचेअर, कुबड्यांची एक जोडी आणि एक कृत्रिम पाय. मालक मंडळी पाण्यात. अपंगत्व असलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरातलं हे चित्र पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. पण जमिनीवर जड झालेलं शरीर पाण्यात खरोखरच हलकं होतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर जवळपास अर्धंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं की साधारण एक तृतीयांश आणि मानेपर्यंत गेलं की जेमतेम दहा टक्के. एरवी अंगाचा भार न पेलणारे गुडघे इथे तो पेलतात.

पाण्याच्या स्वतःच्या खोड्या मात्र असतात. तरंगणाऱ्या शरीराला गुरुत्वाकर्षण खाली ओढतं आणि प्लावक बल वर ढकलतं. ही दोन्ही बलं एका उभ्या रेषेत असली तर शरीर स्थिर राहतं, रेषा चुकली की ते फिरतं. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे, उजवी बाजू आखडलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. ती पाठीवर तरंगायला गेली की उजवा हात-पाय आक्रसून अंगाशी येतो, ती बाजू खाली जाऊ लागते आणि मुलगी नकळत उजवीकडे कूस बदलते. नाकातोंडात पाणी जातं ते इथेच. मांडीपासून पाय कापलेल्या माणसाचं निराळं. पाय नसलेली बाजू हलकी, ती वर येते आणि तो धड पायाच्या बाजूला कलंडतो. कंबरेखालचे स्नायू लुळे पडून वाळलेले असतील तर तिसरीच गंमत. स्नायू पाण्यापेक्षा जड आणि चरबी हलकी, त्यामुळे असे पाय बुडायच्या ऐवजी वर येतात आणि पालथं पडलेल्या माणसाला ते खाली टेकवून उभं राहता येत नाही. म्हणून लाइफ जॅकेट घातलं की झालं, असं इथे चालत नाही. जॅकेट घालून माणूस नेमका कसा तरंगतो हे आधी उथळ पाण्यात बघावं लागतं.

या सगळ्याचा नीट विचार केला तो जेम्स मॅकमिलन नावाच्या इंजिनिअरने. 1949मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना पोहायला शिकवताना त्याने द्रवगतिशास्त्राचं ज्ञान वापरलं. त्याच्या पद्धतीत ट्यूब नाही, दंडाला फुगे नाहीत. प्रत्येक मुलामागे पाण्यात एक माणूस. फुगा शरीराला धरून ठेवतो, पण तोल शिकवत नाही. आधी तोंडाला पाणी लागलं की फुंकर मारायची सवय, मग डोकं किंचित वळवून, हात पसरून स्वतःची कूस स्वतः सावरणं, आणि हात मारत पोहणं अगदी शेवटी. त्या आखडलेल्या मुलीला डोकं डावीकडे किती वळवलं की आपण थांबतो, हे एकदा सापडलं की आधाराचा हात काढून घेता येतो. तो हात सुटल्याचं तिच्या लक्षात यायला काही सेकंद लागतात. हे सेकंद बघण्यासारखे असतात.

पाणी किती गरम हवं? आखडलेले स्नायू सैल व्हायला 33 ते 35 अंश सेल्सिअसचं कोमट पाणी लागतं. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माणसाला तेच पाणी बाधतं. या आजारात चेतातंतूंवरचं आवरण गेलेलं असतं आणि शरीराचं तापमान थोडं जरी चढलं तरी संदेश अडखळतात. दमल्यावर अशा रुग्णांची नजर अंधूक होते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890मध्येच टिपून ठेवलं होतं. म्हणजे एकच तलाव सगळ्यांना ‘सोयीचा’ असं काही नसतं.

उन्हाळी शिबिरात खरं वैरी ऊनच. मानेजवळ मज्जारज्जूला इजा झाली असेल तर त्याखालच्या भागाला घाम आणण्याचा मेंदूचा आदेश पोचत नाही. बाकीचे घामाने निथळत असतात आणि हा माणूस कोरडा ठणठणीत, पण आतून तापत चाललेला. त्याच्यासाठी फवाऱ्याची साधी बाटली हे उपकरण आहे. अंगावर पाणी मारायचं, ते वाळताना घामाचं काम करतं. उन्हात तापलेल्या लोखंडी घसरगुंडीवर मांडी भाजली तरी त्याला कळत नाही, म्हणून बसायची जागा आधी दुसऱ्याने हात लावून बघायची. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह जवळ नसेल, तर लोक सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आयोजक पाण्याचे पिंप भरून ठेवतात आणि दुपारी लोक आजारी पडतात, याचं कारण कधीकधी तीन पायऱ्यांमध्ये असतं. लघवी तुंबली तरी पंचाईतच. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जू दुखावलेल्यांचा रक्तदाब तेवढ्यानेसुद्धा एकाएकी भडकू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. अशा वेळी आडवं करायचं नसतं. ताठ बसवायचं, पट्टे सैल करायचे आणि कारण शोधून दूर करायचं. शिबिरातल्या प्रत्येक स्वयंसेवकाला हे पाठ हवं, गाणी नंतर.

साधनांचं विज्ञान त्या मानाने सरळ आहे. बास्केटबॉलच्या व्हीलचेअरची चाकं खाली फाकलेली असतात, त्यामुळे पाया रुंद होतो आणि गर्रकन वळताना खुर्ची उलटत नाही. वाळूत चालणाऱ्या खुर्चीला फुग्यासारखे जाड टायर असतात, वजन जास्त जागेवर पसरलं की चाक रुतत नाही. गोलबॉलमध्ये साधन कमी आणि नियम हुशार. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1946मध्ये निघालेला हा खेळ. चेंडूत घुंगरं आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, अंधुक दिसणाऱ्याच्याही. प्रेक्षकांनी गप्प बसायचं, हा नियम मला सगळ्यात आवडतो.

शिबिर म्हणजे चार दिवसांची मौज, असं वाटत असेल तर हातांच्या शिबिरांकडे बघा. एका बाजूचा अशक्तपणा घेऊन जन्मलेलं मूल लवकरच शिकतं, की चांगल्या हाताने काम झटपट होतं. दुबळा हात मग मांडीवर पडून राहतो. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञाने माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की हात वापरता येत असूनही तो न वापरण्याची सवय शरीर शिकतं, आणि जे शिकलं ते विसरवताही येतं. त्यासाठी सराव मात्र भरपूर हवा. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा व्यायाम इथे पुरत नाही. आणि आठ वर्षांचं मूल सहा तास व्यायाम करणार कसं? करणार नाही. पण सहा तास खेळेल. म्हणून कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उपचारालाच दिवसभराच्या शिबिराचं रूप दिलं. रोज सहा तास, पंधरा दिवस, एकूण 90 तास. पत्ते पिसायचे, मणी ओवायचे, ठोकळे रचायचे, सगळं दोन हातांनी. लंडनमध्ये तर जादूगारांना बोलावून जादूचे प्रयोग शिकवले गेले. दोरीची गाठ ‘आपोआप’ सोडवायची तर दुबळ्या हाताने दोरी धरावीच लागते, आणि ती युक्ती मित्रांना दाखवायची म्हणून मूल घरीही पन्नास वेळा करून बघतं. अशाने आजार जात नाही. पण मांडीवर पडलेला हात कामाला लागतो, आणि बाटली धरून झाकण उघडणं ही त्या घरात लहान गोष्ट नसते.

खेळ हा उपचार आहे ही कल्पना लुडविग गुटमन या डॉक्टरने आधीच लावून धरली होती. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात त्याने मज्जारज्जू दुखावलेल्या सैनिकांना पलंगावरून उठवून खेळायला लावलं. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथे 16 जणांनी बसून तिरंदाजी केली. पॅरालिंपिकचं मूळ ते. अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांनी 1962मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचं शिबिर आपल्या घराच्या आवारात भरवलं. त्यातून पुढे 1968मध्ये स्पेशल ऑलिंपिक उभं राहिलं. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातल्या कॅम्प जेनेडने वेगळंच पीक दिलं. पोलिओ झालेली ज्युडी ह्यूमन तिथे लहानपणी उन्हाळे काढायची. 1977मध्ये हक्कांच्या नियमांसाठी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत अपंग कार्यकर्ते तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले. त्यांचं नेतृत्व करणाऱ्यांत ती होती.

रात्रीची शेकोटी मात्र कुठल्याही शिबिराला चुकत नाही. तिथेही एक गोम आहे. अंधार पडला की खुणांची भाषा विझते. कर्णबधिर मुलं गोल करून बसतात, कारण गोलात प्रत्येकाचा चेहरा दिसतो आणि जाळाचा उजेड हातांवर पडतो. गोष्ट सांगणारा ताई-दादा रंगात येऊन जाळाकडे पाठ करतो, त्याचे हात नुसते काळे आकार होतात, आणि अख्खा गोल हात हलवून त्याला फिरायला लावतो.