बीबीसीवरील राजकीय विडंबन आणि निःपक्षपातीपणा

बीबीसीचा ब्रिटनमधील खर्च मुख्यतः दूरचित्रवाणी परवाना शुल्कातून भागतो. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क घरटी वर्षाला १७४.५० पौंड झाले. ते सगळ्याच पक्षांचे मतदार भरतात, म्हणून बीबीसीने कोणाची बाजू घेऊ नये, अशी अट राजसनदेत, म्हणजे बीबीसीचे काम ठरवून देणाऱ्या शाही आज्ञापत्रात आहे. सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. ही अट, कोणाची तरी खिल्ली उडवणे हेच ज्याचे काम, त्या विडंबनाला कशी लावायची, हा वाद साठ वर्षांहून जुना आहे.

नियमांतला कळीचा शब्द ‘यथोचित’ हा आहे. निःपक्षपातीपणा किती आणि कसा, हे कार्यक्रमाचा विषय, त्याचा प्रकार आणि प्रेक्षकांची अपेक्षा यांवरून ठरते. त्यामुळे बातमीपत्राचे माप विनोदी कार्यक्रमाला जसेच्या तसे लागत नाही. प्रत्येक पक्षाला सारखी मिनिटे द्या, असेही नियम सांगत नाहीत.

म्हणूनच विनोद मोजून पक्षपात सिद्ध करायला जाणारे फसतात. मे २०१० ते जुलै २०२४ पंतप्रधान सलग हुजूर पक्षाचे होते, तेव्हा जास्त टोले त्या पक्षाला बसणे स्वाभाविकच होते. कल शोधायचा तर निवडीत शोधावा: त्याच आठवड्यात विरोधकांनी घातलेला घोळ संहितेत आला का, पाहुण्यांत कोण होते, संकलनात काय गळाले. ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ हा बातम्यांवरच्या विनोदी प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम १९९० पासून चालू आहे. त्याचे चित्रीकरण साधारणपणे गुरुवारी होते आणि प्रक्षेपण शुक्रवारी. चित्रीकरण प्रत्यक्ष भागापेक्षा कितीतरी लांब चालते आणि त्यातून अर्ध्या तासाचा भाग कापून काढला जातो. कार्यक्रमाचा कल जितका लेखणीत ठरतो, तितकाच या कात्रीखाली.

निवडणुकीच्या काळात नियम कडक होतात. उमेदवाराला कोणत्याही कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करता येत नाही. राजकारणाशी संबंध नसलेल्या कार्यक्रमात तो आधीच ठरलेला असेल तर चालतो, पण नवे आमंत्रण देता येत नाही. मतदान सुरू होताच निवडणुकीच्या मुद्द्यांवरची चर्चा थांबते, आणि मतदान संपेपर्यंत जनमत चाचणीचे निकाल दाखवता येत नाहीत. मे २०१९ मध्ये ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’चा तयार भाग प्रक्षेपणाच्या काही तास आधी मागे घ्यावा लागला. ‘चेंज यूके’ या नव्या पक्षाच्या हंगामी नेत्या हायडी ॲलन त्यात पाहुण्या होत्या आणि युरोपीय संसदेची निवडणूक तोंडावर होती. पाहुणे ठरवताना निवडणुकीच्या तारखा समोर ठेवल्या नाहीत, की अशी धावपळ होते.

जुने उदाहरण ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ या शनिवारी रात्रीच्या कार्यक्रमाचे. २४ नोव्हेंबर १९६२ रोजी तो सुरू झाला. सूत्रसंचालक डेव्हिड फ्रॉस्ट, निर्माते नेड शेरिन, आणि पाठीशी महासंचालक ह्यू कार्लटन ग्रीन. संसदेत तोंडच न उघडणाऱ्या खासदारांची त्यात नावानिशी थट्टा झाली आणि मोठा गदारोळ उठला. १९६३ च्या अखेरीस कार्यक्रम बंद झाला. १९६४ हे निवडणुकीचे वर्ष, हे कारण त्यासाठी देण्यात आले. निवडणुकीच्या कित्येक महिने आधीच हात आखडता घेणे ही सावधगिरीची फार मोठी किंमत होती.

विनोदवीर निश कुमार यांचा ‘द मॅश रिपोर्ट’ हा विडंबनाचा कार्यक्रम मार्च २०२१ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. नव्या विनोदी कार्यक्रमांना जागा हवी, असे बीबीसीने सांगितले. टिम डेव्ही यांनी २०२० मध्ये महासंचालकपदाची सूत्रे घेतानाच निःपक्षपातीपणावर भर दिला होता, त्यामुळे अनेकांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला. पुढे तो कार्यक्रम ‘डेव्ह’ वाहिनीवर गेला.

संसदेतील कामकाजाची चित्रफीत विडंबनात वापरायला बंदी आहे, आणि ती इतर वाहिन्यांनाही लागू आहे. २०११ मध्ये चॅनल फोरने अमेरिकेतील ‘द डेली शो’ या विडंबन कार्यक्रमाचा एक भाग याच कारणाने दाखवला नाही. पक्षपात टाळण्याशी या बंदीचा संबंध नाही. ती संसदेची प्रतिष्ठा जपण्यासाठी आहे आणि लोकशाहीत ती खटकते.

पक्षपाताची तक्रार प्रक्षेपणापासून ३० कामकाजाच्या दिवसांत बीबीसीकडेच करावी लागते. ‘कार्यक्रम एकांगी आहे’ एवढेच लिहून भागत नाही. तारीख, वेळ, नेमके वाक्य आणि त्यात कोणता नियम मोडला, हे लिहावे. उत्तराने समाधान झाले नाही तर तक्रार कार्यकारी तक्रार विभागाकडे जाते आणि त्यानंतरच ऑफकॉम या नियामक संस्थेकडे. २०१७ पासून बीबीसीच्या कार्यक्रमांवर ऑफकॉमची देखरेख आहे.