भास्कराचार्यांचे भुंगे आणि दहावीचं वर्गसमीकरण

वर्गसमीकरणाचं सूत्र दहावीच्या मुलांना तोंडपाठ असतं. पण ते आलं कुठून, हे विचारलं की बरीच मुलं गप्प होतात. म्हणून आज सूत्राला हात न लावता एक उदाहरण सोडवू या.

उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं, म्हणजे ११५० सालचं. एका थव्यातल्या निम्म्या भुंग्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढलं, तर जितकी संख्या येईल तितके भुंगे मालतीच्या फुलांवर गेले. थव्याचे आठ-नवमांश भुंगेही तिकडेच गेले. उरला एक भुंगा, सुगंधाच्या ओढीनं रात्री कमळात अडकलेला, आणि बाहेरून त्याला साद घालणारी त्याची जोडीदारीण. तर थव्यात भुंगे किती?

शाब्दिक उदाहरणात खरा कस लागतो तो ‘काय मानायचं’ इथे. एकूण भुंगे क्ष मानले तर वर्गमूळ घालवण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग करावा लागतो आणि २क्ष² − १५३क्ष + ६४८ = ० असं अवजड समीकरण हाती येतं. त्याऐवजी ते वर्गमूळच य मानू. मग निम्मे भुंगे य², एकूण २य².

य + (१६/९)य² + २ = २य²

दोन्ही बाजूंना ९ नं गुणून पदं एकीकडे घेतली की

२य² − ९य = १८

आता पूर्ण वर्ग करायचा. शाळेतल्या रीतीनं आधी २ नं भागलं तर ९/४, ८१/१६ असे अपूर्णांक येतात आणि नेमक्या तिथेच मुलं चुकतात. श्रीधराचार्यांची रीत मला फार आवडते. ते भास्कराचार्यांच्या आधीचे, आणि त्यांचा हा नियम भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त नावानिशी दिला आहे. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीनं दोन्ही बाजूंना गुणा, मग मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. इथे चौपट ८ आणि वर्ग ८१:

१६य² − ७२य + ८१ = १४४ + ८१
(४य − ९)² = २२५

म्हणजे ४य − ९ ही राशी १५ किंवा −१५. त्यावरून य = ६ किंवा य = −३/२. पण य हे भुंग्यांची संख्या सांगणारं वर्गमूळ आहे, ते ऋण असून कसं चालेल? म्हणून य = ६ आणि एकूण भुंगे २ × ३६ = ७२.

ताळा घ्यायला विसरू नका. ३६ चं वर्गमूळ ६, ७२ चे आठ-नवमांश ६४, शिवाय ती जोडी. ६ + ६४ + २ = ७२.

चौपटच का? अय² + बय + क = ० ला ४अ नं गुणलं की पहिलं पद ४अ²य² होतं, म्हणजे २अय चा वर्ग. मधलं पद ४अबय, म्हणजे २अय आणि ब यांच्या गुणाकाराची दुप्पट. आता ब² तेवढा मिळवायचा राहतो, तो मिळवला की

(२अय + ब)² = ब² − ४अक

वर्गमूळ घ्या, ब पलीकडे न्या, २अ नं भागा. पाठ केलेलं सूत्र समोर उभं राहतं. उजवीकडचं ब² − ४अक म्हणजे विवेचक. आपल्या उदाहरणात तो २२५ होता, १५ चा पूर्ण वर्ग, म्हणूनच वर्गमूळ काढताना कुठे अडलं नाही. उदाहरणातली संख्या बदलून मागे दोनऐवजी तीन भुंगे राहिले असं धरलं, तर समीकरण २य² − ९य = २७ होतं आणि विवेचक २९७ येतो. तो पूर्ण वर्ग नाही, त्यामुळे तसा थवा असूच शकत नाही.