व्हॅनॅडिनाइट

शिशाचे क्लोरीनयुक्त व्हॅनॅडेट (व्हॅनॅडियम या धातूचे ऑक्सिजनयुक्त संयुग) खनिज. ॲपेटाइट गटातील हे खनिज षट्कोणी असून स्फटिक आखूड प्रचिनाकार (लोलकासारखे) किंवा चपट्या सहाकोनी चकत्यांसारखे असतात. रंग तांबडा, नारिंगी, तपकिरी वा पिवळा. कस (भुकटीचा रंग) पांढरा ते पिवळसर. चमक राळेसारखी ते हिऱ्यासारखी. कठिनता सु. ३, विशिष्ट गुरुत्व सु. ६.८ ते ७.१. शुद्ध खनिजात वजनाने सु. ७३ टक्के शिसे व सु. ११ टक्के व्हॅनॅडियम असते. व्हॅनॅडियमाची जागा आर्सेनिकाने घेतल्यास मिमेटाइट आणि फॉस्फरसाने घेतल्यास पायरोमॉर्फाइट होते. संग्राहकांना ही दोन्हीही प्रिय असून नुसत्या डोळ्यांनी त्यांची गल्लत होते.

व्हॅनॅडियमाच्या शोधाचा मान कोणाला, हा वाद याच खनिजाशी निगडित आहे. खनिजवैज्ञानिक आंद्रेस मान्वेल देल रिओ यांना १८०१ मध्ये मेक्सिकोतील सिमापानच्या ‘तपकिरी शिसे’ या धातुकात (कच्च्या धातूत) नवे मूलद्रव्य आढळले. त्याचे लवण तापवल्यावर लाल होते म्हणून त्यांनी त्याला एरिथ्रोनियम म्हटले. जर्मन निसर्गवैज्ञानिक हंबोल्ट यांनी पॅरिसला नेलेल्या नमुन्याचे विश्लेषण करून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ कोले-देकोती यांनी १८०५ मध्ये हे अशुद्ध क्रोमियमच होय, असा निर्वाळा दिला. खुद्द देल रिओंनीही दावा सोडला. शिशाच्याच क्रोकोइट या नारिंगी खनिजातून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी क्रोमियम शोधून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. या चुकीचे मूळ बहुधा त्यातच असावे. १८३० मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ सेफस्ट्रम यांनी स्वीडनच्या लोखंडात ‘व्हॅनॅडियम’ शोधले आणि पुढच्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे दाखवले. नाव सेफस्ट्रम यांचे टिकले, तरी अग्रक्रम देल रिओंना देणे अधिक न्याय्य वाटते. सिमापानचे ते धातुक आजचे व्हॅनॅडिनाइटच, असे सामान्यतः मानतात. खनिजाला हे नाव जर्मन खनिजवैज्ञानिक फोन कोबेल यांनी १८३८ मध्ये दिले.

रुक्ष हवामानाच्या प्रदेशांत शिशाच्या निक्षेपांचा वरचा थर ऑक्सिडीभूत होताना हे द्वितीयक (मूळ खनिजांत बदल होऊन बनणारे) खनिज तयार होते. त्यातील शिसे गॅलेना या शिशाच्या मूळ सल्फाइड खनिजापासून येते. व्हॅनॅडियम मात्र भोवतालच्या खडकांतून झिरपून येत असावे. मोरोक्कोतील मिब्लादेनचे, पांढऱ्या बॅराइट खनिजावरील लालभडक स्फटिक सर्वांत नावाजलेले. ॲरिझोनातीलही प्रसिद्ध आहेत.

प्रकाशात काही नमुने काळवंडतात, म्हणून ते अंधारात ठेवतात. स्फटिक ठिसूळ असून आम्लात विरघळतात. शिशामुळे हाताळल्यावर हात धुवावेत. भुकटी विषारी असते. व्हॅनॅडियमाचे धातुक म्हणून आता महत्त्व गौण.