अमरापूरकर, सदाशिव

अमरापूरकर, सदाशिव (११ मे १९५०–३ नोव्हेंबर २०१४). मराठी रंगभूमी, मराठी व हिंदी चित्रपट आणि दूरदर्शन या माध्यमांतील चरित्र अभिनेते. जन्म अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे. त्यांचे पाळण्यातले नाव गणेशकुमार. मूळ आडनाव बहुधा इंग्रजी लेखनावरून ‘नरवोडे’ असे छापले जाते. तथापि ‘नरवडे’ हे आडनाव महाराष्ट्रात प्रचलित असल्याने मूळ उच्चार तसा असण्याची शक्यता अधिक वाटते. ‘सदाशिव अमरापूरकर’ हे नाव त्यांनी १९७४ च्या सुमारास रंगभूमीसाठी घेतले. शेवगाव तालुक्यात अमरापूर नावाचे गाव आहे आणि आडनाव त्यावरून आले असावे. परिचितांमध्ये ते ‘तात्या’ म्हणून ओळखले जात. पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहास विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले.

नगरच्या हौशी रंगभूमीवरून ते व्यावसायिक नाटकांकडे आले. चित्रपटातील त्यांची पहिली उल्लेखनीय भूमिका लोकमान्य टिळकांची. चापेकर बंधूंनी केलेल्या, पुण्याचा प्लेग आयुक्त रँड याच्या वधावर जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी केलेल्या २२ जून १८९७ (१९७९) या मराठी चित्रपटात ती आहे. पुढे खलनायक म्हणून गाजलेल्या नटाचा पडद्यावरील प्रवास टिळकांपासून सुरू झाला, हे हिंदी प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसते.

भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांच्यासमवेत केलेल्या हँड्स अप या नाटकातील काम दिग्दर्शक गोविंद निहलानी यांच्या पाहण्यात आले आणि त्यातून अर्धसत्य (१९८३) या चित्रपटातील रामा शेट्टीची भूमिका त्यांना मिळाली. श्री. दा. पानवलकरांची कथा आणि विजय तेंडुलकरांची पटकथा असलेल्या या चित्रपटाच्या केंद्रस्थानी ओम पुरी यांचा उपनिरीक्षक अनंत वेलणकर आहे. रामा शेट्टी मोजक्याच दृश्यांत येतो. वेलणकर त्याला पकडायला जातो तेव्हा तो आरडाओरडा करीत नाही, फोन फिरवतो. पुढे तो निवडणुकीला उभा राहतो आणि बंदोबस्ताला उभा असतो तो वेलणकरच. शेवटी कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात अडकलेला वेलणकर मदतीसाठी त्याच्याच दारी जातो. या सर्व प्रसंगांत अमरापूरकरांनी आवाज खालच्या पट्टीत ठेवला, शब्दांमध्ये थांबे घेतले आणि हालचाल जवळजवळ टाळली. तोवरच्या हिंदी खलनायकाला अड्डा, चिरूट आणि गडगडाटी हास्य लागत असे. शेट्टीला घरगुती कपडे आणि ओळखीपाळखी पुरतात, आणि म्हणूनच तो अधिक भयावह वाटतो.

या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. येथे वर्गीकरणाचा एक प्रश्न उद्भवतो. त्या वेळी फिल्मफेअरमध्ये खलनायकी भूमिकेसाठी वेगळा विभाग नव्हता. त्यामुळे नायकाचा मित्र, वडील, विनोदी नोकर आणि प्रतिनायक ही सर्व कामे ‘साहाय्यक’ या एकाच संज्ञेखाली मोजली जात. खलभूमिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार १९९२ साली प्रथमच देण्यात आला आणि तो महेश भट्ट यांच्या सडक (१९९१) मधील ‘महाराणी’ या, कुंटणखाना चालविणाऱ्या तृतीयपंथी पात्राच्या भूमिकेसाठी अमरापूरकरांनाच मिळाला. एकाच नटाला एका प्रकारच्या कामासाठी आधी ‘साहाय्यक’ आणि नंतर ‘खलनायक’ म्हणून गौरविले गेले, यावरून या संज्ञा अभिनयाचे नव्हे तर पुरस्कारांच्या सोयीचे विभाग होत, असे म्हणणे वावगे ठरू नये. काही वर्षांनी तो विभाग बंदही झाला. सडक मधील भूमिका मात्र अर्धसत्य च्या अगदी उलट टोकाची आहे. तेथे सारे उघड, चढ्या स्वरात आणि अंगविक्षेपांसह येते. तिच्या तृतीयपंथी-चित्रणाबद्दल आजच्या वाचकाला आक्षेप असू शकतो. अभिनेता म्हणून दोन्ही टोके पेलण्याचे सामर्थ्य त्यातून दिसते, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

मधल्या काळात आखरी रास्ता (१९८६) आणि धर्मेंद्र नायक असलेला हुकूमत (१९८७) यांसारख्या व्यावसायिक चित्रपटांतून त्यांची खलनायक म्हणून प्रतिमा पक्की झाली. ती मोडण्याचा प्रयत्न त्यांनी विनोदी भूमिकांतून केला. आँखें (१९९३), कुली नं. १ (१९९५) मधील लग्ने जुळवणारा शादीराम आणि इश्क (१९९७) या भूमिका लोकप्रिय झाल्या. यांपैकी काही कामे ठोकळेबाज आहेत.

दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांच्या भारत एक खोज (१९८८) या मालिकेत त्यांनी महात्मा जोतीराव फुले साकारले. इतिहासाच्या या पदवीधराच्या वाट्याला टिळक आणि फुले हे दोन्ही यावेत, हा योग लक्षणीय आहे. मराठीत सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या दोघी (१९९५) व वास्तुपुरुष (२००२) या चित्रपटांत ते दिसले. हिंदीतील कामापेक्षा हे काम संयत असून त्याची चर्चा तुलनेने कमी झाली आहे.

सामाजिक कामांत ते सक्रिय होते. २०१३ साली राज्यात दुष्काळ असताना मुंबईत होळीच्या दिवशी पाण्याची नासाडी करणाऱ्यांना हटकले म्हणून त्यांना मारहाण झाली होती. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीज या चित्रपटातील दिबाकर बॅनर्जी दिग्दर्शित भागात, चित्रपटात क्षणभराचे काम मिळालेल्या एका अयशस्वी नटापुढे (नवाजुद्दीन सिद्दीकी) प्रकट होणाऱ्या त्याच्या दिवंगत नाट्यगुरूची भूमिका त्यांनी केली. सत्यजित राय यांच्या कथेवर आधारलेला हा भाग छोट्या भूमिकेचे मोल काय, या प्रश्नाभोवतीच फिरतो.

फुप्फुसाच्या विकाराने मुंबई येथे त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार अहमदनगरला करण्यात आले.